खाजणातला काळा चिखल आणि कुर्ल्यांची वाट: कामाच्या नोंदी

20 ऑक्टोबर 2024

विजयदुर्ग खाडीच्या एका फाट्यावर आमच्या घरचं वीसेक गुंठ्यांचं खाजण आहे, म्हणजे बांध घालून खाडीपासून अडवलेली खारी जमीन. आजेसासऱ्यांच्या काळात त्यात खारभात व्हायचं. पुढे काही वर्षं ते कोळंबीसाठी कोणाला तरी दिलं होतं, मग पडीक राहिलं. बांध शाबूत आहे, पण उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी गाळात रुतून कायमची बंद झाली आहे. आत पाणी साचतं, उन्हाने आटतं, पावसात परत भरतं. आत लावलेली कांदळाची रोपं दोनदा मेली. आधी पानं पिवळी पडली, मग देठ काळे झाले. उपटून पाहिलं तर मुळांना सडक्या अंड्याचा वास.

बांधाच्या बाहेर, दहा पावलांवर, त्याच खाडीचा तोच गाळ आहे. तिथे तिवर (कांदळवनातलंच एक झाड) माजलं आहे, चिखलात सगळीकडे श्वसनमुळं आणि खेकड्यांची (आमच्याकडे कुर्ल्यांची) बिळं, निवट्यांच्या (चिखलात राहणाऱ्या माशांच्या) उड्या. आत एकही बीळ नाही. तिथे आहे आणि इथे नाही असं काय, ते मोजून पाहायचं आणि लिहून ठेवायचं, एवढं ठरवून सुरुवात केली. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अकरावीची चार मुलं रविवारी मदतीला येतात. कोकणात अशी पडीक खाजणं गावोगाव आहेत आणि तिथे हौसेने रोपं लावून ती मरताना मी पाहिली आहेत. त्या लोकांसाठी या नोंदी.

आत पाय टाकण्याआधी: कांदळवन आणि त्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा यांना कायद्याचं संरक्षण आहे, जमीन खासगी असली तरी. बांधाला, उघाडीला हात लावायचा तर लेखी परवानगी लागते. आम्ही अर्ज आजच दिला. मोजमापं आधी, खोदकाम परवानगीनंतर.

3 नोव्हेंबर 2024

चिखलात हवा किती खोल पोचते ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. प्लास्टिकच्या अर्ध्या इंची नळीवर लोखंडाच्या गंजाचा रंग द्यायचा आणि ती चिखलात रोवायची. हवा नसलेल्या थरात काही जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी हा गंज वापरतात. मग गंज विरघळतो आणि नळी पांढरी पडते. पाणथळ मातीच्या अभ्यासात ही पद्धत रुळलेली आहे.

रंग घरी करता येतो, पण पहिली खेप फुकट गेली. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ढवळत ढवळत पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं, सामू 12 च्या आसपास नेला, तांबूस गाळ खाली बसला, तो लगेच दुसऱ्या दिवशी नळ्यांना फासला. वाळल्यावर बोट लावलं की भुकटी हाताला. कारण दोन: ताजा साका भुसभुशीत असतो आणि त्यातलं मीठ आम्ही पुरेसं धुतलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला साका आठवडाभर झाकून ठेवला. त्या काळात त्याचा काही भाग सुईसारख्या स्फटिकांचा होतो आणि तो प्लास्टिकला धरून राहतो. मग ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, साका बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, असं पाणी खारट लागणं थांबेपर्यंत. (चव घेऊ नका, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा.) फार दिवस मुरवला तर उलटा तोटा: स्फटिक पक्के झाले की जिवाणूंना तो गंज सहज वापरता येत नाही.

नळीला आधी पॉलिश पेपर, मग ॲसिटोनचा बोळा. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. नळ्या आणि रसायनं मिळून हजाराच्या आत भागलं. वाया गेला तो वेळ, आणि दिवाळीची सुट्टी.

आज अमावास्येनंतरचं उधाण आहे. आत सहा, बाहेर सहा नळ्या रोवल्या. रोवण्याआधी त्याच जाडीच्या साध्या नळीने भोक पाडून घ्यायचं, नाहीतर रंग घासून निघतो. उभे ओरखडे दिसले तर ती नळी मोजणीतून काढून टाकायची.

वेळेबद्दल एक गोष्ट. आबा, आमचे शेजारी, जन्मभर खाडीत मासे धरत आले आहेत. त्यांचा हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणजे उधाणाच्या दिवसांत चिखलातली कामं पहाटे नाहीतर संध्याकाळी. मुलांनी याप्रमाणे महिन्याचं वेळापत्रक केलं आणि ते छापील कोष्टकाशी बऱ्यापैकी जुळलं.

17 नोव्हेंबर 2024

आता पिंजरे, बांधाबाहेरच्या जिवंत चिखलात. उलटा प्रश्न विचारायचा होता: जिथे खेकडे आहेत तिथून ते काढले तर चिखलाचं काय होतं?

हा प्रश्न नवा नाही. ऑस्ट्रेलियात, उत्तर क्वीन्सलंडच्या कांदळवनात टी. जे. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी वर्षभर खेकडे पकडून काढले आणि 1991 मध्ये निष्कर्ष छापले. खेकडे काढलेल्या तुकड्यांत मातीतलं सल्फाइड आणि अमोनियम वाढलं, झाडांची वाढ मंदावली, फळधारणाही घटली. आपल्या खाडीत लहान प्रमाणात असंच काही दिसतं का, एवढंच आम्हाला बघायचं आहे.

मीटरभर लांबी-रुंदीचे तीन प्रकारचे तुकडे केले: पूर्ण जाळीबंद, दोनच बाजूंना जाळी असलेला, आणि नुसत्या खुंट्या ठोकलेला. मधला प्रकार वगळू नका. जाळी स्वतःच गाळ अडवते, सावली करते, पाणी मंद करते. अर्धी जाळी नसेल तर फरक खेकड्यांमुळे पडला की जाळीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

बंद तुकड्यातले खेकडे काढायला तोंडापर्यंत पुरलेल्या बादल्या उपयोगी पडल्या. रात्रीत खेकडे आपोआप आत पडतात. सकाळी उन्हं चढण्याआधी ते दूर सोडायचे.

1 डिसेंबर 2024

नळ्या काढल्या. खाजणातल्या सहाही नळ्या खालपासून वरपर्यंत साफ. महिनाभर ठेवल्यामुळे काहीच वाचता आलं नाही. ऊबदार, सल्फाइडने भरलेल्या चिखलात महिना म्हणजे फार झाला. यापुढे आठवडा. बाहेरच्या सहा वाचण्यासारख्या निघाल्या. त्यातल्या बिळांजवळच्या नळ्यांवर गंज खोलपर्यंत शिल्लक होता, तोही ठिपक्याठिपक्यांनी, सलग नाही.

पिंजऱ्यांत खेकडे परत आले. जाळी वीतभर पुरली होती, ते खालून शिरले. फिडलर खेकड्याचं (नराची एक नांगी मोठी असते तो) बीळ वीत-दीड वीत जातं, पण कांदळाची पानं खाणाऱ्या तांबूस खेकड्यांची बिळं त्याच्या कितीतरी खाली असतात. जाळी आता हातभर खोल गाडली. तो सगळा दिवस त्यातच गेला आणि जाळीचा खर्च दुप्पट झाला.

29 डिसेंबर 2024

आठवड्याच्या नळ्या काढल्या आणि खरी गोष्ट तेव्हा दिसली. खाजणातली नळी काळीकुट्ट. बिळांजवळची नळी काही ठिकाणी तांबूस, काही ठिकाणी पांढरी, काळी जवळजवळ नाही.

पांढरं आणि काळं यांची नोंद वेगळी ठेवा, हे सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं. पांढरा डाग म्हणजे तिथले जिवाणू गंजावर श्वास घेताहेत. काळा डाग म्हणजे तिथे समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू जोरात आहेत, त्यांनी हायड्रोजन सल्फाइड सोडला आणि त्याने गंजाचं आयर्न सल्फाइड केलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सल्फेट अडीच ग्रॅमपेक्षा जास्त असतं, म्हणजे या जिवाणूंना तुटवडा कधीच नाही. गंज मात्र एकदा संपला की संपला, परत तयार व्हायला हवा लागते. ती हवा खाली नेतो खेकडा. बीळ उकरताना तो खालचा काळा चिखल वर आणून टाकतो, तो उन्हावाऱ्यात पुन्हा तांबूस होतो, आणि ओहोटीला बिळातून हवा, भरतीला ताजं पाणी आत जातं. म्हणून बिळांच्या चिखलात गंजावर जगणाऱ्यांना काम मिळत राहतं आणि सल्फाइडवाले मागे पडतात. रोपांच्या मुळांना मारतो तो सल्फाइड.

नळी बाहेर काढल्या काढल्या फोटो घ्या. काळा रंग हवेत टिकत नाही. घरी आणेपर्यंत पहिल्या दोन नळ्यांवरचा अर्धा पुरावा उडून गेला होता. आता एक मुलगा पांढरा फळा आणि मोजपट्टी घेऊन बांधावरच बसतो.

फावड्याने बिळाचा उभा काप घेतला. काळ्या चिखलात बिळाभोवती काही मिलिमीटर जाडीचं तांबूस अस्तर. मुलं बराच वेळ नुसती पाहत राहिली. त्या अस्तरात अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात, कारण त्यांना हवा लागते. अस्तराला चिकटूनच मागे हवा नसलेला थर आहे, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. सपाट चिखलात हवा वरच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे ही सगळी देवघेव एका पातळ पापुद्र्यात उरकावी लागते. बिळांमुळे तो पापुद्रा खोलवर घड्या घालून पसरतो. त्याच तांबूस गंजाला फॉस्फेटही चिकटून राहतं. गंज काळा झाला की ते सुटतं आणि पाण्यात जातं.

12 जानेवारी 2025

चिखलातलं पाणी उपसायला मत्स्यटाकीतला हवेचा दगड, त्याला पातळ नळी, वर पन्नास मिलिलिटरची सिरिंज. दगड हव्या त्या खोलीला पुरायचा, पहिली सिरिंज फेकून द्यायची, दुसरी घ्यायची. वीस-तीस रुपयांत काम होतं.

अमोनियासाठी महाविद्यालयातला नेसलरचा अभिकर्मक वापरून पाहिला. खाऱ्या पाण्यात तो लगेच गढूळ होतो, कारण त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. रंग वाचताच येत नाही. खाऱ्या टाकीसाठी मिळणारा सॅलिसिलेटचा संच घ्यावा लागला, हजार-बाराशे रुपये. नमुना दहापट पातळ करा, नाहीतर सगळ्या बाटल्या सारख्याच गडद दिसतात.

बंद पिंजऱ्यातलं पाणी गडद हिरवं (जितकं गडद तितका अमोनिया जास्त). उघड्या आणि अर्ध्या तुकड्यांतलं फिकट, आणि त्या दोघांत डोळ्यांना फरक नाही. म्हणजे जाळीचा दोष नाही. लेड ॲसिटेटचा कागद (सल्फाइड असेल तर काळा पडतो) बंद तुकड्यात मिनिटभरात काळा झाला, उघड्यात बदामी. बंद तुकड्यावर शेवाळाचा हिरवा थर जाड बसला आहे. उघड्यावर फिडलर खेकडे तोच थर खरवडून खातात आणि चिखलाच्या बारीक गोळ्या मागे टाकतात.

एक मेळ मुलांना लागत नव्हता. खेकडा स्वतः, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच सोडतो, मग तो काढल्यावर अमोनिया वाढतो कसा? उत्तर बिळाच्या अस्तरात आहे. तो जितका सोडतो त्याहून जास्त वाटा त्याची बिळं पुढे ढकलतात, काही झाडाच्या मुळांकडे, काही हवेकडे. बिळं बंद झाली की कुजण्यातून निघणारं अमोनियम तिथेच तुंबतं. मुळं सल्फाइडने आजारी असली तर ते समोर असूनही त्यांना घेता येत नाही.

दुसरं काम पानांचं. कांदळाची पिकून गळलेली पानं मीटरभर दोऱ्याला बांधून ठेवली. सकाळी बहुतेक दोरे बिळांत गेलेले, ओढले तर पान कुरतडलेलं. खाजणाच्या आत ठेवलेली पानं जशीच्या तशी, वर काळा बुळबुळीत थर. क्वीन्सलंडमध्येच रॉबर्टसन यांनी 1986 मध्ये दाखवलं होतं की कांदळाच्या गळलेल्या पानांचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग खेकडेच संपवतात. नाहीतर तो भरतीबरोबर वाहून जातो. पिकल्या पानात टॅनिन भरपूर आणि नायट्रोजन फारच कमी. खेकड्याने चावून, पोटातून काढून टाकल्यावर त्याचा भुगा होतो, जिवाणूंना बसायला जागा कितीतरी पटीने वाढते. खेकड्याचं आतडंच काय, कवचावरही जिवाणूंचा थर असतो. ब्राझीलच्या कांदळवनातल्या फिडलर खेकड्यांवर केलेल्या कामात हा थर नायट्रोजनच्या उलाढालीत भाग घेतो असं दिसलं. म्हणून एकट्या खेकड्याचा हिशोब मांडून भागत नाही, त्याच्या अंगावरचं आणि पोटातलं बिऱ्हाडही धरावं लागतं.

2 फेब्रुवारी 2025

परवानगीचा कागद अजून आलेला नाही. तोवर बाहेरचे खेकडे आत सोडून पाहिले. जमलं नाही. फिडलर खेकडा ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरतो. आत पाणी उतरतच नाही, मग तो चरणार कधी? काहींनी बांधाच्या कडेला बिळं केली, बरेचसे बांध चढून परत गेले, काही बगळ्यांनी टिपले. आबा बांधावर उभे राहून पाहत होते. म्हणाले, "मॅडम, पाणी येवंक-जावंक व्हयां. मगे कुर्ल्यो आपसूक येतल्यो."

त्यांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. खेकड्याची पिल्लं अंड्यातून निघाली की पाण्याबरोबर समुद्राकडे जातात, तिथे वाढतात आणि उधाणाच्या भरतीबरोबर खाडीत परत येऊन चिखलात बसतात. बंद उघाडी म्हणजे त्यांच्यासाठी बंद दार. मोठे खेकडे आणून सोडले तरी पुढची पिढी येणार कुठून?

1 मार्च 2025

परवानगी आली. आंब्याचा हंगाम तोंडावर आहे, देवगडात एकदा आंबा काढणी सुरू झाली की माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. हे काम करणाऱ्यांनी खोदाई माघ संपण्याआधीच धरावी. आम्हाला दोन गडी कसेबसे मिळाले.

जुनी फळी काढली. उघाडीच्या उंबऱ्याचे वरचे दोन चिरे काढले. भरतीला पाणी आत आलं, सगळ्यांना आनंद झाला. संध्याकाळी ओहोटीला पाहिलं तर निम्मं पाणी आतच. उंबरा अजून आतल्या चिखलाच्या पातळीपेक्षा उंच होता. पाणी येणं सोपं आहे, पूर्ण उतरणं महत्त्वाचं. दोरीची पातळी धरून आतल्या सगळ्यात सखल जागेच्याही खाली उंबरा न्यायचा आणि तिथपासून उघाडीपर्यंत चर मारायचा.

15 मार्च 2025

होळीच्या पौर्णिमेच्या उधाणावर उंबरा खाली नेला, चर मारला. या वेळी ओहोटीला चिखल उघडा पडला. पहिल्या पाण्याबरोबर काळा, दुर्गंधीचा लोट बाहेर गेला. तो एकदम सोडू नका. त्यात ऑक्सिजन नसतो आणि सल्फाइड असतो, बाहेरचे मासे गुदमरू शकतात. आम्ही फळ्या अर्ध्या ठेवून आठवडाभरात थोडं थोडं सोडलं, तेही भरती लागण्याच्या वेळी, म्हणजे ताजं पाणी मिसळत राहतं.

चरातला काढलेला चिखल बांधावर टाकला होता. वाळल्यावर त्यावर पिवळसर डाग आले. सामूची पट्टी 4 दाखवते. वर्षानुवर्षं हवेविना राहिलेल्या या चिखलात लोखंड आणि गंधक पायराइटच्या रूपात साठलेलं असतं. ते हवेत उघडं पडलं की त्यातून गंधकाम्ल होतं. पहिल्या पावसात ते सगळं परत खाजणात उतरलं असतं. तो चिखल ओलाच परत खोलगट जागी पाण्याखाली दाबून टाकला. खोदलेला खाजणचिखल वाळू देऊ नका. एक दिवसाची मजुरी वाढली, पण हे टाळण्यासारखं नाही.

30 मार्च 2025

पाडवा. सकाळी गुढी उभारली, संध्याकाळी ओहोटीला खाजणात. काल अमावास्या होती, उधाण चांगलं आलं. चराच्या काठाला पहिली बिळं, तोंडाशी चिखलाच्या ताज्या गोळ्या. हे बाहेरून चालत आलेले खेकडे, उघाडीच्या तोंडाजवळ जास्त, आत जावं तसे विरळ. दोन निवटे. बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षांनी या खाजणात निवटा पाहिला म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

27 एप्रिल 2025

नळ्यांची नवी खेप. चराच्या काठची नळी वर तांबूस, मध्ये पांढरी, खाली काळी. खाजणाच्या मध्यातली अजून वरपासून काळी. बिळं जिथवर पोचली तिथवरच फरक आहे, आणि अमोनियाच्या बाटल्याही त्याच क्रमाने गडद होत जातात. नखाएवढे खेकडेही दिसू लागले, डेंगा (मोठी नांगी) अजून ओळखू येत नाही इतके लहान. हे चालत आलेले नसावेत.

एका मंडळाने आत लावायला कांदळाची रोपं देऊ केली होती. आभार मानून नको म्हटलं. मध्यभाग काळा आहे तोवर तिथे रोप लावणं म्हणजे ते मारणंच, आणि मला यापुढे एकही रोप तसं मरू द्यायचं नाही.

बंद पिंजऱ्यांची जाळी आज काढली. त्या तुकड्यांना आमच्यासाठी बराच काळ गुदमरावं लागलं. नायलॉनचा एकही तुकडा चिखलात राहिला नाही हे मुलांनी हाताने चाचपून पाहिलं.

25 मे 2025

मोसमी पाऊस आजच देवगडला पोचल्याचं जाहीर झालं. वळीव आठवडाभर आधीच झोडपत होता. सगळे बागेतला उरलासुरला आंबा काढायच्या धावपळीत, नळ्या काढायला मी आणि दोन मुलंच. जूनमध्ये काढायच्या ठरवलेल्या नळ्या अर्धवट मुदतीत काढल्या, त्यांची तुलना एप्रिलशी करता येणार नाही. पावसाळ्यात गोडं पाणी आलं की सल्फेटही पातळ होतं, त्यामुळे चिखल नुसता पावसानेही कमी काळा दिसू शकतो. खरी तुलना पुढच्या कार्तिकात, त्याच जागी, त्याच मुदतीने.

आतापर्यंतचा मोठा खर्च मजुरीचा आणि चिऱ्यांच्या कामाचा. मोजमापांचं सगळं सामान मिळून पाच हजारांच्या आत. परवानगीसाठी चार महिने धरून चाला.

श्रावणाच्या सुमारास तिवराच्या बिया गळून भरतीबरोबर येतात. उघाडीची वरची फळी तोवर काढून ठेवली आहे, बिया अडकू नयेत म्हणून. रुजतील तेवढ्या रुजू द्यायच्या, आपण काही लावायचं नाही. आबांचं सांगणं की उघाडीच्या तोंडाशी या पावसात कोणी जाळं लावू नये, पिल्लं आत येण्याचा काळ आहे. बाबांनी दोन्ही वाड्यांत तसा निरोप दिला आहे.